बंधाऱ्याच्या डोहातल्या बारक्या माशांवर दोरे लोंबताहेत. अँकर वर्म आहे का, आणि नदीला किती धोका?

भोगावतीकाठ

नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यातल्या एका कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यामागचा डोह आहे. बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) अजून काढलेले नाहीत, पाणी तुंबून आहे, दुपारी वीतभर खोलीवर ३० अंश तापमान. पागात (फेकायच्या जाळ्यात) आलेल्या ४० पुंटियस या बारक्या देशी माशांपैकी १४ जणांच्या अंगावर पांढरट-हिरवट दोरे आहेत. लांबी साधारण सेंटिमीटरभर, बहुतेक पाठीच्या पराच्या बुडाशी. ओढला की दोरा तुटतो आणि खाली लाल खड्डा दिसतो. त्याच पाण्यातल्या मरळ आणि वाम यांच्यावर काही नाही.

वरच्या अंगाला दोन शेततळी आहेत. त्यांत कटला-रोहूसोबत सायप्रिनस (कॉमन कार्प) आणि गवत्या (ग्रास कार्प) हे परदेशी मासे सोडलेले आहेत. पावसाळ्यात तळी भरली की सांडवा ओढ्यातून नदीलाच मिळतो.

विचारायचं असं:
१) हा अँकर वर्मच का? की जळू, माशांच्या उवा वगैरे?
२) हा बाहेरून आलेला म्हणायचा का?
३) नदीतल्या मासळीवर याचा परिणाम मोजायचा कसा? "मासे कमी झालेत" एवढ्यावर कुणी ऐकून घेत नाही.
४) गावात एकाने सुचवलंय की जनावरांच्या गोचिडांवरचं औषध डोहात टाकू. चालेल का?

भिंगवाला

चौथ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो थांबणारा नाही. गोचिडाचं औषध म्हणजे बहुधा सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन. मासे मरायला त्याचे लिटरला काही मायक्रोग्रॅम पुरतात. खेकडे, झिंगे आणि पाण्यातले किडे त्याहून कमी मात्रेत जातात. लर्निया, म्हणजे अँकर वर्म, स्वतः कवचधारी, झिंग्याच्याच कुळातला. त्याला मारणारं औषध झिंगा सोडून त्यालाच मारेल अशी आशा धरू नका. शिवाय अंगात रुतलेल्या मादीचं डोकं माशाच्या मांसात असतं, ती सगळ्यात शेवटी मरते. आणि डोहाचं पाणी पुढच्या गावाचं पिण्याचं असतं. विषय संपला.

आता ओळख. जळू दोन्ही टोकांनी चिकटते, आखडते, पसरते, हातात घेतली की चालते. उवा (आर्ग्युलस) चपट्या, गोल, तीन ते आठ मिलिमीटरच्या, अंगावर सरकणाऱ्या. नखाने सहज सुटतात. तुमचा दोरा सरकत नाही, ओढल्यावर तुटतो आणि खड्डा राहतो. म्हणजे लर्नियाची मादी. दोऱ्याच्या बाहेरच्या टोकाला इंग्रजी 'व्ही'सारख्या दोन बारीक पिशव्या असतील तर शंका नको, त्या अंड्यांच्या. हिरवट रंग शेवाळाचा. शेवाळ चढलंय म्हणजे मादी जुनी आहे.

जात मात्र फोटोवरून सांगता येत नाही. लर्निया सायप्रिनेसिया ही जगभर पसरलेली जात, पण भारतातून या प्रजातीच्या इतर जातीही नोंदलेल्या आहेत. डोक्याच्या नांगराचे (मांसात रुतणाऱ्या भागाचे) फाटे कसे वाढतात ते आजूबाजूच्या मांसावर नि हाडांवरही अवलंबून असतं, त्यामुळे एकाच जातीचे नांगर वेगवेगळे दिसतात. खात्री हवी असेल तर मासा चिरून नांगरासकट अखंड मादी काढा. चिमट्याने उपटू नका, नांगर आतच राहतो. काही माद्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये (आकार पाहायला) आणि काही ९५ टक्क्यांत (डीएनएला) ठेवा. फॉर्मेलिनमध्ये घातलेल्या नमुन्याचा डीएनए तपासायला नीट येत नाही.

जीवनक्रम थोडक्यात, कारण पुढचं सगळं त्यावर बेतलेलं आहे. अंड्यातून नॉप्लियस बाहेर पडतो. त्याच्या तीन अवस्था मोकळ्या पाण्यात जातात, त्या काही खात नाहीत. मग कोपेपोडिड, पाच अवस्था, बहुतेक कल्ल्यांवर. तिथे नर-मादीचं मीलन होतं, नर मरतो, मादी कातडी फोडून आत रुतते आणि मग दोरा होते. मधला दुसरा यजमान (ज्याच्यावर परजीवी जगतो तो जीव) लागत नाही. २५ ते ३० अंशांत पूर्ण चक्र १८ ते २५ दिवसांत होतं आणि एक मादी दर पंधरवड्याला अडीचशेपर्यंत पिल्लं सोडू शकते, तेही कित्येक आठवडे. १५ अंशांच्या खाली वाढ जवळपास थांबते. थंड देशांत हिवाळा त्याला आवर घालतो. आपल्या नद्यांचं पाणी तेवढं गारठत नाही, त्यामुळे तो ब्रेक इथे नाही.

म्हणजे तुम्ही मोजलेले १४ हे फक्त दोरे दिसणारे. उरलेल्या २६ माशांचे कल्ले पाहिल्याशिवाय ते 'निरोगी' लिहू नका. कल्ल्याची एक कमान कापून पाण्याच्या थेंबात काचपट्टीवर ठेवा, ४० पट मोठं करून बघा. कोपेपोडिड साधारण सायक्लॉप्ससारखे (पाण्यात तरंगणारा बारीक कवचधारी जीव) दिसतात.

शेततळे_हातकणंगले

भावा, तळ्यांचं मी सांगतो. नदीत काय करता येत नाही, पण तळ्यात येतं. आणि खरं दुखणं तिथंच असायची शक्यता जास्त.

लर्निया बाहेरून तळ्यात येतो तो बीजाबरोबर. बोटुकलीच्या (बोटाएवढ्या पिल्लाच्या) कल्ल्यावर कोपेपोडिड असतात, डोळ्यांना दिसत नाहीत, व्यापारी म्हणतो "माल स्वच्छ हाय". पिशवीतलं पाणी तळ्यात ओतायचं नाही, ते जमिनीवर सोडायचं. पिशवी १५-२० मिनिटं तरंगत ठेवून तापमान जुळवा, मग मासे जाळीत गाळून घ्या.

मिठाचं पाणी: लिटरला २० ग्रॅम मीठ, दोन मिनिटं बुडवणी. आधी पाच-दहा माशांवर करून बघा; कलंडायला लागले की लगेच काढा. याने कातडीवरचा बारीकसारीक कचरा जातो, रुतलेली मादी जात नाही. पोटॅशियम परमँगनेट लिटरला २५ मिलिग्रॅम, ३० मिनिटं, म्हणजे १०० लिटरला अडीच ग्रॅम. यात पिल्लं मरतात, माद्या वाचू शकतात. रंग गुलाबी राहिला पाहिजे. दहा मिनिटांत तपकिरी झाला तर पाण्यातला गाळ-शेवाळच औषध खाऊन बसलाय, उपयोग शून्य. पाण्याचा सामू जास्त असेल तर मँगनीज कल्ल्यावर बसून मासे गुदमरतात. वजनकाट्याशिवाय हे करू नका. चिमटीच्या अंदाजाने तळी रिकामी होतात.

खरा इलाज विलगीकरण. वेगळी टाकी, वेगळी जाळी, वेगळी बादली, २५ अंशांच्या वर पाणी, कमीत कमी तीन आठवडे, चार असले तर उत्तम. एक पूर्ण चक्र त्यात बसतं, लपलेले दोरे बाहेर दिसतात. पुष्कळ जण तळ्यातच हापा (जाळीचा पिंजरा) बांधून त्याला विलगीकरण म्हणतात. हाप्याच्या जाळीतून पाणी आरपार जातं, नॉप्लियसही जातो. ते विलगीकरण नव्हे, नुसतं वेगळं बसवणं.

आधीच लागण झालेल्या तळ्यात: मासे काढा, विका (माणसाला यापासून काही होत नाही, दोरे आणि जखमेचा भाग काढून शिजवायचे), तळं आटवा. मातीचं तळं भेगा पडेपर्यंत वाळवा. त्याआधी तळ ओला असतानाच गुंठ्याला १० किलो कळीचा चुना मारा. ३० × ३० × ३ मीटरचं तळं, उतार १:१.५ धरला तर तळ २१ × २१ मीटर, म्हणजे साधारण ४५ किलो, कडांना वेगळा. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात चुना नको. ब्रशने घासा, आठवडाभर उन्हात कोरडं ठेवा. माशाशिवाय पिल्लं जगत नाहीत.

औषधाची मात्रा काढताना बहुतेक जण ३० × ३० × ३ = २,७०० घनमीटर धरतात. उतार धरून त्या तळ्यात १,९७१ घनमीटरच पाणी बसतं. म्हणजे मात्रा सरळ ३७ टक्के जास्त पडते. परमँगनेटला एवढा फरक मासे मारायला पुरतो.

डायफ्लुबेंझुरॉनचं नाव कुणीतरी काढणारच. शोभिवंत माशांच्या टाक्यांत लिटरला ०.०६६ मिलिग्रॅम वापरतात, कवच बनू देत नाही. खायच्या माशांच्या तळ्यात मी ते सुचवणार नाही, आणि सांडवा नदीला मिळणाऱ्या तळ्यात तर अजिबात नाही. वर त्याने तळ्यातले डॅफ्निया-सायक्लॉप्सही जातात. कटला त्यावरच जगतो, मग दोरे गेले पण कटला वाढेना अशी गत.

मोजपट्टी

तिसरा प्रश्न माझ्या आवडीचा. ४० माशांत १४ म्हणजे ३५ टक्के, आकडा मोठा वाटतो. पण नुसत्या टक्केवारीवर परिणाम ठरत नाही. तीन आकडे वेगळे ठेवा: किती टक्के माशांवर आहे, लागण झालेल्या माशावर सरासरी किती माद्या आहेत, आणि त्या कशा वाटल्या गेल्यात. परजीवी सारखे वाटले जात नाहीत. बहुतेक माशांवर शून्य-एक आणि थोड्यांवर ढीगभर असंच असतं. म्हणून सरासरीबरोबर प्रत्येक माशाचा आकडा लिहून ठेवा. खड्डे (मादी गळून गेलेल्या जखमा) वेगळ्या रकान्यात.

नमुना किती? एखाद्या ठिकाणी लागण 'नाही' म्हणायचं असेल तर ३० मासे तपासून एकही सापडला नाही तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की लागण १० टक्क्यांपेक्षा कमी आहे. ५ टक्क्यांची मर्यादा हवी तर ६० मासे. मरळ-वाम यांच्यावर 'काही नाही' असं तुम्ही लिहिलंय. किती पाहिल्या? चार-पाच असतील तर त्यावरून काहीच निघत नाही.

बंधाऱ्याच्या वर ६०, खाली वाहत्या पाण्यात ६०, आणि तळ्यांचा ओढा मिळतो त्याच्या वरच्या अंगाला ६०. हे तिसरं ठिकाण विसरू नका. तिथेही तेवढीच लागण असेल तर तळ्यांवर खापर फोडता येणार नाही. ऑक्टोबरात बरगे घातल्यावर, जानेवारीत, एप्रिलमध्ये आणि पुराचं पाणी ओसरल्यावर, एवढ्या फेऱ्या पुरेत.

प्रत्येक माशाची लांबी (तोंडापासून शेपटीच्या खाचेपर्यंत, दरवेळी तशीच) आणि वजन ०.१ ग्रॅमपर्यंत. अंगाची स्थिती काढायचं सूत्र साधं: K = १०० × वजन (ग्रॅम) ÷ लांबी (सेंमी) चा घन. ६ सेंटिमीटरचा ३.२४ ग्रॅमचा मासा म्हणजे K = १.५. लागण असलेले आणि नसलेले यांची तुलना एकाच लांबीच्या गटात करा, आणि गाभोळी भरलेल्या माद्या बाजूला काढा, नाहीतर जूनमध्ये आजारी मासेही गुटगुटीत निघतील.

दोन फसव्या गोष्टी. एक, लागण झालेला मासा सुस्त असतो, पागात लवकर सापडतो, म्हणून टक्केवारी फुगते. दुसरी त्याहून वाईट. एप्रिलमध्ये ३५ टक्के आणि मे अखेर १० टक्के दिसले तर मासे बरे झाले असं समजू नका. ४-५ सेंटिमीटरच्या माशाला एक सेंटिमीटरचा जंत म्हणजे नांगर थेट यकृता-आतड्यापर्यंत पोचू शकतो. ते मासे मरून मोजणीतून गेलेले असतात. म्हणून लांबीचे गट बघा. टक्केवारी उतरली आणि सोबत बारके गटही गायब झाले तर ती मर आहे.

भिंगवाला

मोजपट्टी यांच्या शेवटच्या मुद्द्यालाच जोडून परिसंस्थेचं.

एकाच जातीवर जगणारा परजीवी यजमान घटले की स्वतःही घटतो, पिल्लांना मासाच सापडत नाही. लर्नियाचं तसं नाही. त्याला सायप्रिनस चालतो, पुंटियस चालतो, बेडकाची पोरंही चालतात. दोन-तीन किलोचा सायप्रिनस आठ-दहा माद्या अंगावर घेऊन निवांत फिरतो आणि पिल्लं सोडत राहतो. त्याच पिल्लांनी पुंटियस मरतो. पुंटियस संपत आला तरी जंत संपत नाही, कारण त्याचा साठा दुसऱ्या माशात आहे. परदेशी मासा चारा-जागेसाठी भांडला नाही तरी परजीवीमार्फत देशी माशाला मागे रेटतो तो असा.

बेडकांचं हवेत बोलत नाही. कॅलिफोर्नियातल्या साउथ फोर्क ईल नदीत २००६ आणि २००८ च्या गरम उन्हाळ्यांत पिवळ्या पायांच्या बेडकांच्या पोरांवर लर्निया मोठ्या प्रमाणात आढळला. पाणी कमी, पाणी गरम, लागण जास्त. आपल्याकडे बरगे घातलेला डोह मार्च ते मे नेमकं हेच करतो: प्रवाह थांबतो, मासे दाटतात, आणि पोहण्यात कमजोर असलेल्या नॉप्लियसला वाहून न जाता मासा गाठता येतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच थोडं आहे. सायप्रिनस भारतात १९३९ मध्ये सिलोनहून आला, दुसरा वाण १९५७ मध्ये बँकॉकहून. गवत्या आणि चंदेऱ्या (सिल्वर कार्प) १९५९ मध्ये. मासे आले तेव्हा अंगावरचं कुणी तपासत नव्हतं. पण तुमच्या डोहातला जंत त्याच वाटेने आला हे जात ठरल्याशिवाय म्हणू नका. 'तळ्यांतून नदीत येतोय का' हा प्रश्न वेगळा आहे आणि जास्त कामाचा आहे. त्याचं उत्तर मोजपट्टींच्या तीन ठिकाणांतून मिळेल.

कासारीचा_गळ

एक आक्षेप. पंचगंगेच्या खोऱ्यात मासे मेले की लोक आधी जंत, मग रोग, मग ऊन असं सगळं सांगतात आणि नाल्यातून काय सुटलं ते राहून जातं. हा धागा उद्या कुणीतरी पुरावा म्हणून दाखवेल, म्हणून फरक लिहून ठेवा. लर्निया मासे टप्प्याटप्प्याने मारतो, बारके आधी, एकदोन जाती. एका रात्रीत मरळ सोडून सगळ्या जाती, लहान-मोठे, तोंड उघडं ठेवून तरंगले तर तो प्राणवायूचा खेळ आहे. मरळ वरची हवा घेते म्हणून वाचते. अशा वेळी पहाटे पाच-सहाला पाणी घ्या, दुपारी नाही. दुपारी शेवाळ प्राणवायू भरून काढतं. प्राणवायूची मोजणी विंकलर पद्धतीने (रसायनं घालून) करणार असाल तर बाटली बुडबुडा न ठेवता भरा आणि मँगनस सल्फेट व अल्कली-आयोडाइड काठावरच घाला. प्रयोगशाळेत नेईपर्यंत आकडा बदलतो. लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली आला तर जंताला नावं ठेवायचं कारण नाही.

हिवाळ्यात पाणी गार झाल्यावर मरळ आणि पुंटियसवर लाल व्रण दिसले आणि त्यात दोरा नसेल तर तो आणखी वेगळा प्रकार: १९८८ पासून भारतात असलेला व्रणरोग, ॲफनोमायसिस नावाच्या बुरशीसारख्या जीवाचा. लर्नियाचा खड्डा गोल, लहान, कडा उचललेली असते. व्रणरोगाची जखम पसरट आणि मांस खात जाणारी.

भोगावतीकाठ

सगळ्यांचे आभार. औषधाचा विषय गावात बंद करतो. मरळ तीनच पाहिल्या होत्या, वाम दोन. मोजपट्टी म्हणतात ते बरोबर.

तळ्यातल्या मालकाने दोन गवत्या कापायला दिले. अंगावर दोरा नाही, पण आतड्याच्या पुढच्या भागात चपटे, पांढरे, कप्पे असलेले जंत गच्च. याचा लर्नियाशी संबंध?

भिंगवाला

लर्नियाशी नाही, पण गवत्याशी आहे. भिंगाखाली डोकं पाहा. बाणाच्या टोकासारखं, दोन बाजूंना दोन खोल चिरा, आणि अंग कप्प्याकप्प्यांचं असेल तर आशियाई फीतकृमी, शायझोकोटाइल अॅकायलोग्नाथी, असण्याची शक्यता दाट. मुळचा पूर्व आशियातला. गवत्या जिथे जिथे नेला तिथे तिथे तो गेला, आणि शेकडो जातींच्या माशांत सापडलाय. अमेरिकेत कोलोरॅडोच्या खोऱ्यात तो हम्पबॅक चब या आधीच दुर्मीळ झालेल्या माशापर्यंत पोचला. कप्पे नसलेला, एकसंध जंत निघाला तर तो दुसऱ्या गटातला. पोटाच्या पोकळीत, आतड्याबाहेर, रिबिनीसारखा मोठा जंत असेल तर लिग्युला.

याला मधला यजमान लागतो: सायक्लॉप्स. अंडं विष्ठेतून पाण्यात, पिल्लू सायक्लॉप्सच्या पोटात, सायक्लॉप्स माशाच्या. म्हणजे सगळ्यात जास्त मार बोटुकलीला, कारण तीच प्राणीप्लवंग खाते. आतडं भरून बंद पडतं, पोट फुगतं, वाढ खुंटते. वाहत्या नदीत सायक्लॉप्स कमी, तुंबलेल्या डोहात जास्त. इथेही तोच डोह.

नमुना काढताना जंत ताणू नका, डोकं आतड्यात राहतं. आतडं उभं चिरून स्वच्छ पाण्यात ठेवा, जंत आपणहून सैल पडला की ब्रशने उचला.

शेततळे_हातकणंगले

याच्यावर प्राझिक्वांटेल हे जंतनाशक चालतं, खाद्यातून किंवा विलगीकरणाच्या टाकीत. पण तळ्यात सायक्लॉप्स लागण घेऊन बसलेले असतात, मासे परत तिथंच सोडले की पुन्हा तेच. आधी तळं आटवा. मात्रा मत्स्यव्यवसाय खात्याच्या माणसाकडून घ्या, बाजारातल्या गोळ्या कुत्र्या-मांजरांच्या मापाच्या असतात.

सांडव्याचं: बाहेर ५ मिलिमीटरची जाळी, आत ६० मेशची (इंचाला ६० भोकांची). आतली एकटी लावली तर पहिल्याच पावसात पालापाचोळ्याने तुंबते आणि फाटते, बांधही फुटू शकतो. ६० मेशमधून मासा जात नाही, नॉप्लियस जातो. अर्धंच काम होतं हे मान्य करून लावा. पळालेला सायप्रिनस नदीत आयुष्यभर पिल्लं सोडतो, तो तरी अडतो.

भोगावतीकाठ

शेवटचं एक. नॉर्वेत म्हणे नदीतून परजीवी पूर्ण काढून टाकला. आपल्याकडे का नाही?

भिंगवाला

तो गायरोडॅक्टिलस सॅलॅरिस. १९७० च्या दशकात स्वीडनहून आलेल्या सॅमनच्या पिल्लांबरोबर नॉर्वेत पोचला आणि पन्नासेक नद्यांत पसरला. बाल्टिकचा सॅमन त्याला पचवतो, नॉर्वेचा नाही. पिल्लं जवळजवळ साफ झाली. तिथे नदीत रोटेनॉन हे मासे मारणारं विष टाकून मासाच मारला, मग जपून ठेवलेल्या वाणाचं बीज परत सोडलं. ते जमलं कारण हा परजीवी अंडी घालत नाही, सरळ पिल्लंच देतो, आणि माशाशिवाय टिकत नाही. आपल्या डोहात यजमान ढीगभर जातींचे, बेडूक धरून. मोकळी पिल्लं पाण्यात. वर तळ्यांतून दरवर्षी नवा पुरवठा. आणि पश्चिम घाटातून येणाऱ्या नदीतला सगळा मासा मारून परत कुठला सोडणार?

मोजपट्टी

बरगे निघायच्या आत एप्रिलची फेरी उरकून घ्या. बरगे काढले की डोहातले मासे खाली पांगतात आणि वर-खालची तुलना बिघडते. पुढची फेरी पूर ओसरल्यावर महिन्याने. त्याआधी घेतली तर वाहून आलेले मासे मोजाल. जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयाला तक्ता द्या, आणि केंद्राचं २०२३ मधलं 'रिपोर्ट फिश डिसीज' ॲप आहे त्यावर फोटोंसह नोंद करा. नमुन्याच्या बाटलीत चिठ्ठी आत टाकायची आणि शिसपेन्सिलीने लिहायची. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.